रेशमाचे सोवळे आणि त्यातला जीव

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक' लिहून द्या, असा निरोप आपल्या चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा यवतमाळ-मूर्तिजापूरच्या छोट्या आगगाडीवर चार पाने लिहावीत असे मी मनाशी ठरवले होते. पण त्याच आठवड्यात कार्यकारिणीच्या बैठकीत एक वाद झाला आणि माझा विषय बदलला. वाद साडीवरून होता. बायकांच्या बैठकीत साडीवरून वाद झाला हे वाचून घरोघरचे पुरुष वाचक हसतील. हसोत बापडे.

त्याचे झाले असे. नवरात्रात मंडळाच्या देवीची ओटी आपण दर वर्षी भरतो. यंदा पन्नासावे वर्ष, तेव्हा देवीला चांगली भारी रेशमी साडी नेसवावी असा ठराव पुढे आला. सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात गेल्या वर्षीच सभासद झालेल्या आपल्या एका तरुण शिक्षिका भगिनीने विचारले, "काकू, एका रेशमी साडीसाठी किती किडे उकळावे लागतात, हे कोणाला ठाऊक आहे का?" बैठक क्षणभर गप्प झाली. मग एकीने सांगितले की देवाला रेशीमच चालते, त्याला विटाळ नाही. दुसरी म्हणाली, हल्ली दुकानात 'अहिंसा सिल्क' मिळते, ते आणू. तिसरीने सुचवले, सरळ सुती घ्या, आपला जिल्हाच कापसाचा. हे ऐकून कोपऱ्यात बसलेली आपली एक जुनी सभासद, जी एरवी बैठकीत अवाक्षर बोलत नाही, ती म्हणाली, "कापूस अहिंसक असतो हे मला कोणी सांगू नये." तिचा दीर २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विष अंगात भिनून गेला, हे आम्हां काहींनाच ठाऊक होते. बैठक तिथेच आटोपली. "तुम्ही वाचता-बिचता, तेव्हा काय ते शोधून सांगा," असे म्हणून अध्यक्षीणबाईंनी ते काम माझ्या गळ्यात घातले. चार महिने जे वाचले, पाहिले आणि हातांनी केले, ते इथे मांडते.

माझ्या माहेरी देवघरात रेशमाखेरीज पाऊल नसे. वडील मुकटा नेसून पूजेला बसत, आई कद नेसून नैवेद्य रांधी. सुती वस्त्र रोज धुवून, कोणाचा स्पर्श न होऊ देता वाळवावे तेव्हा ते सोवळे. रेशीम मात्र न धुताही सोवळे. लहानपणी मला ही मोठी सोयीची गोष्ट वाटे. ज्या घरात मुंगीची रांग दिसली की केरसुणी आडवी धरून वाट मोकळी करून देत, त्याच घरात हजारो जीव उकळून काढलेला धागा सर्वांत शुद्ध मानला जाई, आणि ह्यात काही विसंगती आहे असे आमच्या घरात कोणाच्या मनात आल्याचे मला स्मरत नाही.

ज्यांनी रेशीम कधी झाडावर पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तुतीचा पाला खाऊन अळी चार वेळा कात टाकते, पंचविसेक दिवसांत बोटाएवढी होते आणि मग तोंडातून निघणाऱ्या धाग्याने स्वतःभोवती कोश विणते. आत तिचा पतंग व्हायचा असतो. पतंगाने कोश फोडला की एकसंध धागा जागोजाग तुटतो. म्हणून त्याआधीच कोशाला वाफ किंवा गरम हवा देतात, आतला जीव मरतो, मग कोश गरम पाण्यात सोडून हजार मीटरांच्या आसपास लांबीची तार एकटाकी उकलून घेतात. किलोभर कच्च्या रेशमाला सात-आठ किलो ओले कोष लागतात आणि एका किलोत पाच-सहाशे कोश बसतात. गुणाकार केला तर चार हजारांच्या घरात आकडा जातो. साडीत अर्धा किलो रेशीम धरले तरी दोन हजार. शिक्षिका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

आता इतिहास. हा प्रश्न आजकालच्या मुलींनी काढलेला नाही. बौद्ध भिक्षूंचे आचारनियम ज्यात आहेत त्या विनयपिटकात ह्याची एक गोष्ट येते. आळवी नावाच्या गावी काही भिक्षू रेशीम करणाऱ्यांच्या दारी गेले आणि म्हणाले, पुष्कळसे कोश शिजवा आणि आम्हालाही द्या, आम्हाला रेशीम घालून आसन करायचे आहे. त्यावर ते कारागीर चिडले. त्यांचे म्हणणे असे की आम्ही पोटासाठी, बायकापोरांसाठी इतके बारीक जीव मारतो, हेच आमचे दुर्दैव. तुम्हा संन्याशांना हे काय सुचले? ही तक्रार बुद्धांच्या कानी गेली आणि भिक्षूने रेशीममिश्रित आसन करवून घेऊ नये असा नियम झाला. ही गोष्ट वाचून मी थबकले. कोशातल्या जिवाची खंत प्रथम बोलून दाखवली ती कोणा पंडिताने नव्हे. ज्याचे हात त्या उकळत्या भांड्यात होते त्याने बोलून दाखवली.

दुसरी गोष्ट एका राणीची आहे, आणि ती आपल्या मंडळात सांगावी अशीच आहे. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग भारतातून परत जाताना ६४४ च्या सुमारास मध्य आशियातल्या खोतान राज्यात थांबला. तिथे त्याने ऐकले ते असे. खोतानला रेशीम नव्हते आणि पूर्वेकडचे राज्य तुतीचे बी व किड्यांची अंडी बाहेर जाऊ देत नव्हते. तेव्हा खोतानच्या राजाने तिथल्या राजकन्येला मागणी घातली आणि दूताकरवी तिला कळवले, की आमच्याकडे रेशीम नाही, नेसायला हवे असेल तर तूच घेऊन ये. राजकन्येने बी आणि अंडी शिरोभूषणात लपवली. सरहद्दीवर पहारेकऱ्यांनी सगळे सामान तपासले, पण राजकन्येच्या डोक्याला हात लावायची छाती कोणाला झाली नाही. इथपर्यंतची गोष्ट शाळेच्या पुस्तकांतून काहींना माहीत असेल. पुढचा भाग सहसा कोणी सांगत नाही. तुतीची झाडे वाढली, किडे जगले, तेव्हा त्या राणीने दगडावर आज्ञा कोरून घेतली: रेशमाचा किडा मारू नये, पतंग निघून गेल्यावरच सूत काढावे. जिथे हे किडे प्रथम वाढवले तिथे तिने विहार बांधला, आणि त्या पहिल्या लागवडीतले म्हणून दाखवले जाणारे तुतीचे जुने बुंधे ह्युएनत्संगाने पाहिले.

गोष्ट दंतकथेच्या अंगाची आहे, हे मान्य. पण तिला आधार अगदीच नाही असे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑरेल स्टाइन ह्यांना खोतानजवळ दंदान-उइलिक येथे वाळूत गाडलेली एक रंगवलेली फळी सापडली. तीत उंच शिरोभूषण घातलेली स्त्री आहे, आणि दुसरी एक स्त्री त्या शिरोभूषणाकडे बोट दाखवते आहे. ती फळी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या प्रदेशात सापडलेल्या जुन्या रेशमी कापडांत उकललेल्या तारेऐवजी कापसासारखे कातलेले रेशीम आढळते, म्हणजे फुटक्या कोशांचे. राणीची आज्ञा दगडावर होती की नव्हती कोण जाणे, पण तिथल्या बायकांच्या चातीवर ती होती.

त्याच सातव्या शतकात खुद्द चीनमध्ये हा वाद पेटला होता. ताओस्युआन नावाच्या भिक्षूने रेशीम सोडले व इतरांनीही सोडावे असे लिहिले. त्यानंतर पंचवीस वर्षे परदेशी राहून, नालंदेला शिकून आलेल्या इत्सिंगाने उलट बाजू मांडली. त्याचे म्हणणे, प्रत्येक जिवाची इजा टाळायची म्हटली तर अन्नवस्त्रच मिळणार नाही. आपण जमिनीवर चालतो तेव्हा पायाखालीही जीव असतात. मात्र स्वतः जाऊन जीव मारताना पाहून रेशीम घेणे त्यालाही मान्य नव्हते. दान म्हणून आले तर घ्यावे. म्हणजे डोळ्यांआड झाले की चालले! मला हा युक्तिवाद आमच्या माजघरातल्यासारखा वाटला. तरी पायाखालच्या किड्याचा त्याचा मुद्दा खोटा नाही, हे पुढे कपाशीच्या संदर्भात ध्यानात येईल.

ह्यानंतर बाराशे वर्षांची उडी घेते. महाराष्ट्रात तुतीचे रेशीम रुजवण्याचे प्रयत्न इंग्रजी अमलात झाले, १८३० नंतरच्या दशकात पुण्याला मुत्ती नावाच्या इटालियन गृहस्थांनी सरकारी मदतीने तुती लावली, पण ती टिकली नाही. आपल्या विदर्भाचे खरे रेशीम वेगळे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या भागांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचा किडा वाढतो; त्याला आपण कोसा म्हणतो. ढिवर समाजाची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आली आणि कोष्टी विणीत आले. ज्या करवतकाठी साडीचा विदर्भाला अभिमान आहे, जिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात, ती ह्याच कोशाची. हा किडा घरात वाढत नाही, जंगलातच झाडावर राहतो, म्हणून कोसा हवा असेल तर ऐनाचे झाड उभे ठेवावे लागते. तोडलेल्या ऐनाचे सरपण एकदाच होते. ह्या दृष्टीने पाहिले तर कोसा हा जंगल राखणारा धंदा आहे. पण अळ्या झाडावर असताना पाखरांपासून राखण करावी लागते, हेही सांगितले पाहिजे, आणि राखणदाराच्या हाती गोफण असते.

कोशाच्या बाबतीतही कोसा थोडा निराळा. बियाण्यासाठी जे कोश राखून ठेवतात त्यांतून पतंग आपणहून बाहेर पडतात. पतंग तोंडातून एक पाझर सोडतो, त्याने कोशाचा डिंक मऊ होतो, आणि तो तंतू बाजूला सारून बाहेर येतो. असे फुटके कोश टाकून देत नाहीत. त्यांचे घिचा नावाचे जाडेभरडे सूत निघते. म्हणजे जीव न मारता मिळालेले सूत आपल्या मुलखात पूर्वीपासूनच आहे, फक्त त्याला कोणी तसे नाव दिले नाही आणि त्याला भावही कमी. हे सूत आणि पुष्कळसा टसरचा धागाही मध्य भारतात बायका उघड्या मांडीवर वळून काढीत आल्या आहेत. दिवसभर धागा घासून मांडीची साल जाते, जखमा होतात. केंद्रीय रेशीम मंडळाने त्यासाठी 'बुनियाद' नावाचे यंत्र काढले आणि मांडीवरची ही पद्धत बंद व्हावी म्हणून अलीकडच्या काही वर्षांत ती यंत्रे बायकांना वाटली. किड्याची कणव करणाऱ्यांनी ह्या मांडीचीही चौकशी करावी, असे मला वाटते. तुतीच्या रेशमाचीही अशीच एक बाजू आहे. ह्यूमन राइट्स वॉच ह्या संस्थेने २००३ साली भारतातल्या रेशीमधंद्यावर अहवाल काढला, त्यात कर्जापोटी बांधलेली मुले गरम पाण्यात हात घालून कोश हाताळतात, हे नोंदले आहे.

मेल्या जनावराचे कातडे वापरणे निराळे आणि कातड्यासाठी जनावर मारणे निराळे, हा विचार आपल्या शेजारी वर्ध्याला झाला होता. गांधीजींनी १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापला त्या काळात नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालय होते; तिथे आपोआप मेलेल्या गुरांचेच कातडे कमावीत. त्याच्या चपलांना लोक 'अहिंसक चप्पल' म्हणत. माझ्या वडिलांकडे असा एक जोड होता. तो पायात घालून ते बाजारात जात आणि घरी येऊन मुकटा नेसत. दोहोंतले अंतर त्यांना दिसले नाही, मलाही इतकी वर्षे दिसले नव्हते.

तुतीच्या रेशमात हाच विचार पुढे हैदराबादेत आला. १९९० च्या सुमारास राष्ट्रपती व्यंकटरमण ह्यांच्या पत्नी जानकीबाई ह्यांनी, किडे न मारता केलेली रेशमी साडी मिळेल का, अशी विचारणा केली. आंध्रच्या हातमाग विणकर सहकारी संस्थेत नोकरीला असलेले कुसुमा राजय्या ह्यांच्या मनात ती राहिली. त्यांनी कोश टोपल्यांत ठेवून पतंग निघून जाऊ दिले, फुटक्या कोशांचे सूत कातवून घेतले आणि त्याची साडी विणवली. पुढे त्यांनी ह्या पद्धतीचे पेटंटही मिळवले. दुकानात मिळणारे 'अहिंसा सिल्क' ते हे. त्याला चमक कमी, मेहनत जास्त, म्हणून ते महागही.

आमच्या बैठकीपुरते इथे उत्तर संपायला हवे होते. पण माझी एक भाची दारव्हा तालुक्यात शेती करते आणि तिने एकरभर तुती लावली आहे. तिच्याकडे मी आठ दिवस राहायला गेले, आणि पुस्तकात जे सरळ दिसत होते ते तिथे सरळ राहिले नाही.

राज्याचे रेशीम संचालनालय नागपूरला १९९७ मध्ये झाले. कापसावरच विसंबून राहून ज्यांचे कंबरडे मोडले त्या आपल्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी त्यानंतर तुती धरली. रोजगार हमीतून लागवडीला मदतही मिळू लागली. भाची अंडीपुंज विकत आणते, कीटक संगोपनगृहात अळ्या वाढवते, चंद्रिकेवर सोडते आणि कोश जालन्याच्या बाजारात नेते. तो बाजार २०१८ मध्ये निघाला. त्याआधी आपले लोक थेट कर्नाटकात रामनगरला कोश घेऊन जात. मी तिला म्हटले, "तू पतंग निघू का देत नाहीस?" तिने उत्तर दिले नाही. तिच्याकडे कामाला येणाऱ्या बाई कोश वेचीत होत्या, त्याच म्हणाल्या, "जीव हाय तोवरच वजन हाय, बाई."

आणि ते अक्षरशः खरे निघाले. कोश बाजारात वजनावर विकतो. त्या वजनात रेशमाचे कवच पाचवा हिस्सा आणि बाकी सारे आतल्या जिवाचे. पतंग उडाला, म्हणजे उडत नाहीच तो, पण बाहेर पडला, की शेतकऱ्याचा माल पाचव्या हिश्शावर येतो. वर त्या कोशाची तार निघत नाही म्हणून भाव आणखी पडतो. दहा-बारा दिवसांत पतंग निघेल ह्या घाईने कोश बाजारात न्यावे लागतात. तेव्हा जिला हे रेशीम हवे, तिने आधी हा तोटा कोण भरून देणार ते सांगितले पाहिजे.

तरी माझ्या हट्टापायी तिने दोनशे कोश बाजूला काढले. एका टोपलीत कागद अंथरून आम्ही ते ठेवले. दहाव्या-अकराव्या दिवशी पहाटे पतंग बाहेर आले. पांढरट, जाड अंगाचे, पंख फडफडवणारे. हजारो वर्षे माणसाने घरात पाळून ह्या पतंगाची उडण्याची शक्तीच गेली आहे. त्याला खाताही येत नाही. तोंड असून नसल्यासारखे. नर-मादी जमतात, मादी अंडी घालते आणि थोड्या दिवसांत दोघे मरतात. कागदावर तांबूस-पिवळट डाग पडले आणि त्यांत मोहरीहून बारीक अंडी चिकटली. एकेक मादी तीन-चारशे अंडी घालते. शंभर माद्या धरल्या तर तीस-चाळीस हजार.

आता ह्यांचे काय करायचे? त्या सर्वांना जगवायचे तर पुष्कळ पाला हवा, आणि पुढच्या पिढीला त्याच्या शंभरपट. शिवाय ही अंडी संकरित कोशांची. त्यांतून पीक एकसारखे निघत नाही, आणि त्यांची रोगाची तपासणी झालेली नसते. ही तपासणी पाश्चरची देणगी. फ्रान्समधल्या किड्यांच्या रोगावर १८६५ पासून पाच वर्षे काम करून त्याने शोधून काढले की अंडी घातल्यावर मादीला कुटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. तिच्यात रोगाचे जंतू दिसले तर तिची अंडी जाळावीत. आजही बियाणे केंद्रांत आईला असेच कुटतात. म्हणजे नेहमीच्या रेशमासाठी जे अंडीपुंज येतात, त्यांतही प्रत्येकामागे एक मादी मेलेली असते. आणि अहिंसा रेशमासाठी बाहेरून बियाणे आणले तर त्यामागेही. पुण्याच्या ब्यूटी विदाउट क्रुएल्टी संस्थेने अहिंसा रेशमाच्या नावाला आक्षेप घेतला आहे. भाचीच्या ओसरीवर बसून तो आक्षेप मला पूर्णपणे कळला. कारण तो अंड्यांचा कागद तिने चुलीत घातला, आणि मी तिथेच होते. अडवून काय सांगणार होते?

दोनशे पतंगांना आठवडाभर मोकळे आयुष्य मिळाले आणि तीस-चाळीस हजार अंडी जळली. मी बैठकीत हे असेच सांगितले.

मात्र त्या आठ दिवसांत दुसरेही एक पाहिले, त्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. भाचीच्या मागच्या एका पिकाच्या वेळी शेजारच्या शेतात कपाशीवर फवारणी झाली. वारा इकडचा होता. पाला तोडून अळ्यांना घातला, आणि दुसऱ्या दिवशी अळ्या डोकी वर करून वळवळू लागल्या, तोंडातून हिरवे पाणी ओकू लागल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या थंड झाल्या. शेजाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्याला त्याची बोंडे वाचवायची होती. भाची मला म्हणाली, "मावशी, त्या पाल्यावर काही दिसतसुद्धा नव्हते. तेवढ्याशाने ह्या मेल्या. तोच पंप तो माणूस दिवसभर पाठीवर घेऊन फिरतो."

२०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात हेच झाले. कपाशी डोक्याएवढी वाढली होती, गुलाबी बोंडअळीची भीती होती, औषधांची मिश्रणे होत होती, तोंडाला रुमालाखेरीज काही नव्हते. वीसच्या घरात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात गेले. आपल्या सभासद भगिनीचा दीर त्यांत होता. तुतीच्या शेतात कीटकनाशक मोकळेपणी वापरता येत नाही, कारण त्याने अळ्यांचे पीकच मरू शकते. मळ्याचा सगळा काडीकचरा, अळ्यांची विष्ठा परत खत होते. ज्या गड्याला तुतीच्या कामाला लावले त्याच्या पाठीवर विषाचा पंप सहसा येत नाही. कोश उकळणे मला आजही सहन होत नाही. पण देवीला सुती नेसवून आपण हात झटकले असे मी आता म्हणणार नाही.

एरंडावरच्या रेशमाचाही विचार झाला. आसामात ज्याला एरी म्हणतात त्या किड्याचा कोश एका टोकाला उघडाच असतो, पतंगाला तो फोडावा लागत नाही, आणि सूत मुळातच कापसासारखे कातायचे. आपल्याकडे कपाशीच्या धुऱ्यावर एरंड लावतातच, अळ्यांनी पिकाऐवजी त्यावर जावे म्हणून. मग हा धंदा इथे का होऊ नये, असे एकीने उत्साहाने विचारले. होईल, कोणी मनावर घेतले तर. पण आसामात पतंग होण्याआधीच आतला किडा काढून लोक खातात, हे मी सांगितल्यावर तिचा उत्साह मावळला. मला त्यात काही वावगे वाटले नाही. निदान वाया तरी जात नाही.

शेवटी बैठकीत ठरले ते असे. देवीला यंदा घिचा सुताची कोशाची साडी नेसवायची. ती भंडाऱ्याकडच्या विणकरांकडून, अडत्याला मध्ये न घेता आणायची. झळाळी नाही म्हणून दोन-तीन भगिनी नाराज आहेत, आणि त्यांचीही बाजू आहे. पन्नास वर्षांनी एकदा तर प्रसंग येतो. माझ्याकडे राहिले ते भाचीच्या दोनशे फुटक्या कोशांचे ओंजळभर रेशीम. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून डिंक काढला, हाताने पिंजले आणि शाळेत शिकलेली टकळी साठ वर्षांनी पुन्हा हातात धरली. पहिले दोन दिवस नुसते तुटत होते. आमच्या काळी वर्ध्याच्या शिक्षणपद्धतीचा वारा शाळांतून होता, तेव्हा माझ्या वयाच्या पुष्कळजणींच्या हातात ही कला असणार. श्रावणी पौर्णिमेला त्या सुताची चौदा पोवती झाली; एक देवीला वाहिले, बाकीची वाटली. फवारणीत दीर गेलेल्या आपल्या भगिनीने दोन मागून नेली, एक भाचीकडच्या त्या कामकरी बाईंसाठी.

अजून थोडे सूत कातायचे राहिले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी गुरुवारी दुपारी मंडळाच्या खोलीत यावे. टकळ्या तीनच आहेत. घरात कोणाची जुनी असेल तर घेऊन यावी.